सोंगापुढचा माणूस

जालना
९ जानेवारी २०२५

राजनंदिनी,

आशीर्वाद, आणि लगेच तक्रार. दिवाळीपासून तुझं पत्र नाही. फोन करू नकोस असं मीच सांगितलं, कबूल. माझे कान आता फक्त चष्मा अडकवायला उरलेत. पण म्हणून पत्रही बंद? मोबाइलवर तू नुसते जोडलेले हात पाठवतेस. त्या हातांशी मी काय बोलू?

इकडे मोठी बातमी आहे. माझ्या आवडत्या परदेशी थिएटरनं नवा हंगाम जाहीर केला. जन्म बियाणं कंपनीत गेल्यावर हंगाम म्हणजे खरीप नाहीतर रब्बी, पण बॅले बघणाऱ्यांचाही हंगाम असतो बरं. यंदा सगळे जुनेच बॅले, नवा एकच, ‘दीपगृह’. समुद्रात बुडालेल्या नवऱ्याला रोज दिवा दाखवणाऱ्या बाईची गोष्ट. पहिला प्रयोग १२ एप्रिलला, इंटरनेटवर थेट दाखवणार. मी तिकीट काढून मोकळा झालो. बाईचं काम लांबमानीला दिलंय. (ती परदेशी नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून नर्तकींना मी आपली नावं ठेवतो, हे तुला ठाऊक आहे.) लांबमानी उडते झकास, पण तिला स्वतःच्या उडीचं फार कौतुक. ते काम ढगीला द्यायला हवं होतं. ढगी मागच्या रांगेत नाचते, तिच्याकडे कुणी बघत नाही. मी मात्र तरुणपणी ताश्कंदला कापसाच्या ट्रेनिंगला गेलो आणि पहिल्यांदा बॅले पाहिला, तेव्हापासून मागच्या रांगाच बघत आलोय. नाच खरा तिथे कळतो.

तुमच्या शेतावर बियाण्याचा प्लॉट बघायला यायचो, तेव्हा एकदा ओट्यावर लॅपटॉप उघडून तुम्हा नवरा-बायकोला बॅले दाखवला होता. तुझा कल्याण म्हणाला, ‘‘काका, ह्या बाया टाच टेकवतच न्हाईत. जमिनीशी भांडण झालंय का यांचं?’’ आणि त्याचा चुलतभाऊ कडूबा इतका हसला की हातातला चहा सांडला. तो हसरा माणूस गेला, त्याला यंदाच्या जत्रेला वर्ष होईल. कल्याण सावरला का? यंदा देवीचं सोंग घेणार ना? तुमची जत्रा मी कधी पाहिली नाही. मुखवटा घालून नाचणं म्हणजे अर्धा नाच, असं मी तोंडावर म्हणालो होतो आणि माझं मत बदललेलं नाही. पण त्याची खुशाली कळव.

तुझा शरदकाका

*

देऊळवाडी, ता. जाफराबाद
२७ जानेवारी २०२५

शरदकाका,

पाया पडते. रागावू नका. लिहायला बसायचे अन् ह्यांची चाहूल लागली की कागद पिठाच्या डब्याखाली सारायचे. मोबाइल तर ह्यांच्याच हातात असतो. आज हे जाफराबादला बाजाराला गेले, म्हणून बसलेय.

तुम्ही सोंगाला अर्धा नाच म्हणता, पण आधी ते असतं कसं हे तर ऐकून घ्या. देवीचा मुखवटा लाकडाचा, डोक्यावरून गळ्यापर्यंत. त्याचे डोळे रंगवलेले, त्यातून काहीच दिसत न्हाई. दिसतं ते नाकपुड्यांतून, अन् ते बी फक्त पायापुढची हातभर जमीन. म्हणून सोंगापुढं वाटाड्या लागतो. तो सोंगाकडं तोंड करून उलटा नाचत जातो अन् सोंगवाला त्याचे पाय बघून आपले पाय टाकतो. दिवस उगवताना देवळापासून निघायचं अन् गावातून बारवेपर्यंत जायचं, पायऱ्या उतरायच्या. पायाला पाणी लागलं की वाटाड्या म्हणतो, ‘‘आई, पाणी आलं. आता घरी चल.’’ अन् मानेवरची गाठ सोडून मुखवटा उतरवतो. ज्यानं गाठ बांधली त्यानंच ती सोडायची. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई, सोंगवाल्यानं तर बिलकुल न्हाई.

ह्यांचे वाटाडे आमच्या लग्नाआधीपासून कडूबा भाऊजीच. मागच्या जत्रेत चावडीपुढं भाऊजींनी छातीला हात लावला अन् बाजूला बसले, ते बसलेच. सगळे त्यांच्याकडं पळाले. ह्यांना काहीच समजलं न्हाई, हे नाचतच राह्यले. पुढं कुणी नसताना, वळणं बराबर घेत, थेट बारवेपर्यंत गेले. तिथं लोकांनी धरलं अन् मुखवटा ओढून काढला. तर हे चिडले, ‘‘कडूबाला काढू द्या ना. तो काय मेला का?’’

काका, तेव्हापासून हे रडले न्हाईत. सुतक पाळलं न्हाई. भाऊजींच्या मातीला गेल्ते ते बी पाहुण्यासारखे, चपला घालून. माझी जाऊ नंदाबाई, भाऊजींची बायको, तिच्यापुढं एक शब्द बोलले न्हाईत. अन् रोज सकाळी अंगणात नाचतात, खाली मान घालून. मी विचारलं, एकटेच काय करून राह्यले? म्हणाले, ‘‘एकटा कुठं? पाय दिसत न्हाईत का तुला?’’

यंदा नवा वाटाड्या घ्या म्हणलं तर ऐकायला तयार न्हाईत. ते पाय बारवेकडं जातात, काका, अन् बारवेत यंदा पाणी लई हाये. मला माझा माणूस पाहिजे. तुम्ही जल्मभर नाच बघितला, काय करू ते सांगा.

राजनंदिनी

*

जालना
१२ फेब्रुवारी २०२५

राजनंदिनी,

घाबरू नकोस. भूतबीत काही नसतं, असतात ते पाय. माणूस विसरतो, पाय विसरत नाहीत. ताश्कंदला एक म्हातारी नर्तकी पाहिली होती, डोळे जवळजवळ गेलेले. पण संगीत सुरू झालं की रंगमंचाच्या काठापर्यंत यायची आणि काठावर नेमकी वळायची. आमचा जीव टांगणीला, ती निवांत. कल्याणचं तेच आहे. इतकी वर्षं एकच वाट नाचला, ती अंगात मुरली. कडूबाचं दुःख त्याला सोसेना, म्हणून मन म्हणतं, तो आहे अजून. नाचू दे त्याला. नाचणाऱ्याला नाचापासून तोडलं तर तो खचतो, हे मी कितीदा पाहिलंय. जत्रा होईल, अंगातली वाफ निघून जाईल.

इकडची खबर ऐक. लांबमानीचा घोटा दुखावला आणि ‘दीपगृह’मधलं काम ढगीला मिळालं! मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवत बसलो. शेजारच्या सुमेधाताई दारात येऊन बघून गेल्या, म्हणे काका बरे आहेत ना. बरा कसला, फार खुशीत आहे. मागच्या रांगेतली पोर पुढे येते, हे बघायला मी इतकी वर्षं जगलो. १२ एप्रिलला माझ्याकडे कुणी फिरकू नये, अशी पाटीच लावणार आहे. प्रयोग एकदाच दाखवणार, पुन्हा नाही.

मागच्या जत्रेचा व्हिडिओ कुणी काढला असेल तर पाठव. बघतो तुझ्या नवऱ्याचे पाय.

शरदकाका

*

देऊळवाडी
५ मार्च २०२५

शरदकाका,

तुमचं ऐकलं अन् अडवलं न्हाई. काल सकाळी हरभऱ्याच्या कामाला निघाले तर हे घरात न्हाईत, अंगणात न्हाईत. पळत बारवेवर गेले. हे खालच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात उभे. हात खाली सोडलेले अन् हनुवटी जराशी वर. मुखवटा उतरवून घेताना राहतात ना, तसे. डोक्यावर तर काहीच नव्हतं, काका.

मी हाका मारल्या, हलले न्हाईत. मंग आमची तृप्ती खाली उतरली, ‘पप्पा’ म्हणून हाताला धरलं, तवा वळले. तिला म्हणतात, ‘‘कडूबा आज गाठच सोडंना गं.’’ लेकरू दिवसभर जेवलं न्हाई.

व्हिडिओ तृप्तीनंच काढल्ता. मोबाइलचं मेमरी कार्ड पाकिटात चिकटपट्टीनं लावलंय. जल्दी बघा.

राजनंदिनी

*

जालना
१४ मार्च २०२५

राजनंदिनी,

माझं मागचं पत्र चुलीत घाल.

व्हिडिओ आवाजाशिवायच पाहिला, माझ्यापुढे दुसरा इलाज कुठे आहे? संबळ नाही, लोकांचा गलका नाही, फक्त पाय. आणि पोरी, काय पाय आहेत! मानेवर एवढं लाकूड, तरी कंबर ढळत नाही. टाच अशी पडते की जमिनीनं ती झेलावी. अर्धा नाच हा शब्द मी परत घेतो.

आता मुद्द्याचं. जो आठवणीनं नाचतो त्याचं पाऊल ठोक्याबरोबर पडतं. जो दुसऱ्याचं बघून नाचतो त्याचं पाऊल केसभर उशिरा पडतं. आधी बघणार, मग टाकणार. मागच्या रांगेत नवी मुलगी आली की मी तिला याच खुणेवरून ओळखतो. व्हिडिओत संबळवाल्याचे हात दिसतात, त्यावरून मी ठोका धरला. कडूबा पुढे आहे तोवर कल्याणचं पाऊल केसभर उशिरा पडतं. ठीक, तसंच पडायला हवं. मग कडूबा खाली बसतो, लोक धावतात, रस्ता मोकळा होतो, संबळवाला तेवढा वाजवत कल्याणबरोबर जात राहतो. आता कल्याण आठवणीनं नाचत असेल तर पाऊल ठोक्यावर यायला हवं. ते येत नाही, राजनंदिनी. बारवेपर्यंत केसभर उशिराच पडतं.

तो कुणाचं तरी बघून नाचतोय.

मी शेतीशास्त्राचा पदवीधर, असल्या गोष्टींना आयुष्यभर हसलो. पण हे पाहिल्यावर मी उठून घरातले सगळे दिवे लावले, भर दुपारी. त्याला जत्रेत नाचू देऊ नकोस. हातपाय बांध, भांडण काढ, माहेरी घेऊन जा, काहीही कर.

शरदकाका

*

देऊळवाडी
२४ मार्च २०२५

शरदकाका,

सगळं करून बघितलं. भांडले, रडले, तृप्तीच्या शपथा घातल्या. शेवटी काल हे शांतपणे बोलले, वर्षात पहिल्यांदाच सरळ बोलले. म्हणाले, ‘‘कडूबाचं काम राह्यलंय. गाठ त्यानं बांधल्ती अन् सोडली दुसऱ्यांनी. तो मला रोज पाण्यापर्यंत नेतो, पण त्याला गाठ सोडता येत न्हाई. हात कुठं हायेत त्याला? नुसते पाय राह्यलेत. मी घरी बसलो तर तो एकटाच पाण्यात उभा राहील. तुला चालंल का?’’

भाऊजी माझ्या बाळंतपणात भर उन्हात जीप आणायला पळाल्ते. मला बी न्हाई चालणार.

मंग मी भुजंग पुजाऱ्यांकडं गेले. म्हणलं, नव्यानं कुणी गाठ बांधली अन् पाण्यात बराबर सोडली, तर कडूबा भाऊजी मोकळे होतील का? ते म्हणाले, होतील बहुतेक, पण बांधणार कोण? त्यांनी चावडीवर माणसं जमवली, तर गावातला एकबी गडी ह्यांच्या पुढं व्हायला तयार न्हाई. एरवी मिशीला पीळ भरणारे सगळे माना खाली घालून बसले. मी म्हणलं, मी होते. चावडीवर गलका झाला, बाईमाणूस सोंगाला हात लावणार? पुजारी म्हणाले, ‘‘देवी काय गडी हाये का? होऊ द्या तिला.’’

हे बी कबूल झाले. पण काका, मला पावलं येत न्हाईत. तुमच्याकडं व्हिडिओ हाये. मला शिकवा.

राजनंदिनी

*

जालना
१ एप्रिल २०२५

वेडे पोरी,

तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस, म्हणून वाद घालत नाही. शिकवतो.

कपाशीत क्रॉसिंग करताना, फुलाफुलाला पराग लावत, ओळीतून मागे सरकायचीस तशी चाल. आधी चवडा टेकव, जमीन चाचपून घे, मग टाच. मागे वळून बघायचं नाही. स्वतःच्या पायांकडेही बघायचं नाही, त्याच्या गुडघ्यांकडे बघ, गुडघा वाकला की पाऊल येतंय समज. कडूबा उजव्या पायानं निघायचा. देवळाच्या कोपऱ्यावर दोनदा पाय आपटायचा. चावडीपुढे पूर्ण गिरकी घ्यायची (खाली बसण्याआधी कडूबानं तीच घेतली होती), ती विसरू नकोस. पायऱ्यांवर मात्र नाच नाही, नुसतं उतरायचं. गाठ साधी बांध, सुटायला सोपी.

मी जत्रेला येतोय. जत्रा १३ ला पहाटे, म्हणजे १२ एप्रिलची रात्र तुमच्याच गावात जाणार, जाऊ दे. ढगी माझ्याशिवायही नाचेल.

शरदकाका

*

जालना
१५ एप्रिल २०२५

राजनंदिनी,

न जेवता, कुणाशी न बोलता पहिल्या जीपनं निघून आलो, त्याचा राग धरू नकोस. घरी येऊन दोन दिवस दार लावून बसलो. आज पेन उचललंय. जन्मभर नर्तकींवर मतं दिली, आता तुझ्याबद्दलचं ऐक.

सुरुवात वाईट. खांदे आखडलेले, पदर दोनदा पायात आला. देवळाच्या कोपऱ्यानंतर जरा सुटलीस. चावडीपुढे पोचलीस आणि गिरकी साफ विसरलीस. तू सरळ मागे गेलीस. कल्याणनं मात्र गिरकी घेतली, पूर्ण, सुंदर, केसभर उशिरा. ती कडूबामागची गिरकी होती. अख्ख्या वाटेत तो एकदाही तुझ्यामागे नव्हता.

मी धडपडत बारवेच्या काठावर येऊन उभा राहिलो. तू पाण्यात उभी राहिलीस, तुझे ओठ हलले, म्हणायचं ते तू म्हणालीस. तो थांबला नाही. तुला उजवीकडे घालून तो पुढच्या पायरीवर गेला, मग त्याच्याही पुढच्या. पाणी त्याच्या छातीला लागलं. लाकडी हनुवटी पाण्यात बुडाली, तरी तो उतरतच होता. मी ओरडलो असेन, माझा घसा अजून बसलेला आहे. आणि तू त्याच्या पाठीवर झेप घेतलीस. मागून मानेला बिलगलीस, ओली गाठ बोटांनी सुटेना तर दातांनी सोडलीस. मुखवटा तुझ्या हातात आला, आणि खाली कल्याणचं तोंड होतं. त्याची हाक मला ऐकू आली नाही, पण ते तोंड पाहिलं. असं तोंड मी कुठल्याच रंगमंचावर पाहिलेलं नाही, आणि पुन्हा पाहायचंही नाही.

ढगीचा प्रयोग हुकला. बघणारे म्हणतात, तिनं कमाल केली. असेल. मला त्याचं काही वाटत नाही. मला एवढंच सांग, कल्याणला आता ते पाय दिसतात का?

शरदकाका

*

देऊळवाडी
४ मे २०२५

शरदकाका,

दिसत न्हाईत. बारवेतून वर काढलं तर छाती बडवून बडवून ओरडत होते, ‘‘माझा कडूबा गेला! अरे, कडूबा गेला!’’ गावाला भाऊजी जाऊन वर्ष झालं, ह्यांच्यासाठी ते त्या दिवशी गेले. डोकं भादरून घेतलं, दहा दिवस सुतकात बसले, दहाव्याला भाऊजींच्या नावानं घास ठेवला. कुणी हसलं न्हाई. भुजंग पुजारी रोज येऊन जवळ बसून जायचे. आता हे पोटभर जेवतात, झोपतात, तृप्तीशी थट्टा करतात. नाचत मात्र न्हाईत. पुढच्या साली सोंग दुसऱ्याला देऊ म्हणतात. मला माझा माणूस परत मिळाला, काका, अन् त्याचं पुण्य तुमचं.

पण एक तुम्हाला कधी लिहिलं नव्हतं, कारण मला त्यात लिहिण्यासारखं काही वाटलंच न्हाई. वर्षभर रोज सकाळी हे अंगणात नाचायचे, तवा नंदाबाई तांब्या घेऊन दुधाला यायची. दूध घातलं तरी उठायची न्हाई, ओट्यावर बसून राह्यची, ह्यांचा नाच थांबेस्तोवर. मी म्हणायचे, एकटी पडलीय, माणसांत बसावं वाटत असंल.

सुतक फिटल्यावर परवा ती आली. मी तांब्या भरून दिला. ती बसली. अंगण झाडलेलं, मोकळं. ऊन लिंबाच्या शेंड्यावरून खाली आलं तरी बसलेलीच. म्हणलं, नंदा, दूध तापवायचं असंल ना, नासंल ते. ती म्हणाली, ‘‘थांबा ना बाई. आज उशीर करून राह्यले ते.’’

मी सांगितलं, हे आता नाचत न्हाईत. त्यांना आता काही दिसत न्हाई.

तिनं तांब्या बाजूला ठेवला. मंग म्हणाली, ‘‘मला बी पाय दिसत नव्हते, बाई. पण दादांचं पाऊल ज्याच्यामागं पडायचं तो माझा नवरा होता ना? तेवढ्यासाठी यायचे मी. दुधासाठी न्हाई. आता मी कुठं बघायला जाऊ?’’

मी तिच्या शेजारी ओट्यावर बसले, काका. ह्याचं उत्तर तुम्हाला येत असंल तर लिहा.

राजनंदिनी